मुंगी मावशीच्या घरी

आर्वी
२० ऑगस्ट १९७८

चि. कोकिळा हीस ताईचे आशीर्वाद. ते आधीच लिहून टाकते, कारण पुढे पत्रात कुठे सापडतील याचा मला भरवसा नाही.

तुझं पार्सल मिळालं. ह्यांनी एस.टी.च्या डेपोतून घरी येताना पोस्टातून आणलं. ‘मुंगीची बंडी’च्या पाच प्रती निघाल्या. कागद जाड आहे, रंगही चांगले उठलेत. बंडीची चाकं झोकदार आहेत, पण मुंगीला चित्रकाराने चारच पाय काढलेत. आमच्या आर्वीच्या मुंग्यांना सहा असतात, पुण्याच्या मुंग्यांचं मला काही माहीत नाही. पहिल्या पानावर तू ‘माझ्या फुलाला’ असं छापून घेतलंस. छापायला काय लागतं!

तुझी फुला अजून वाचत नाही, साडेचार वर्षांचं पोर ते. मी वाचून दाखवलं. लगेच म्हणाली पुन्हा. पुन्हा वाचलं. संध्याकाळी हे घरी आले, तर हात धुवायच्या आधी ह्यांच्या पुढ्यात पुस्तक. तेव्हापासून या घरात दुसरा विषय नाही.

मुंगीने जुंपली बंडी,
म्हणाली, बाई, काय ही थंडी!
बंडीत ठेवला साखरखडा,
वाटेत भेटला मातीचा घडा.
घडा म्हणाला, कुठे गं स्वारी?
मुंगी म्हणाली, मावशीच्या घरी.
मावशीने कालवला दहीभाताचा काला,
मुंगीचा हत्ती तिथल्या तिथे झाला!

तुझ्याच ओळी तुला लिहून पाठवते आहे, यावरून माझी काय गत झाली असेल ते समजून घे. पुस्तक समोर नाही. मी त्या पाठ केल्या नाहीत, त्या झाल्या. भाजी चिरताना तोंडात येतात आणि मी जीभ चावते. हे तर डेपोत गाडीखाली पडून पान्याने नट आवळताना म्हणतात म्हणे, त्यांच्या जोडीच्या मेकॅनिकनेच मला सांगितलं.

आता खरं सांगते. मला राग आला आहे. तुझे रूपराव काविळीने गेले तेव्हा फुला पाळण्यात होती. आठ महिन्यांची झाली आणि तू तिला माझ्या ओटीत घालून पुण्याला त्या मुलांच्या मासिकात नोकरीला गेलीस. वर्षभरासाठी जाते म्हणालीस. मी चकार शब्द काढला नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊन माझी ओटी रिकामीच होती, मी कशाला नाही म्हणते? तेव्हापासून तिचे दात, तिची गोवर, तिचा फुटलेला कान, सगळं मी काढलं. पहिलं पाऊल तिने आमच्या अंगणात टाकलं, ते तू पाहिलं नाहीस. मागच्या दोन दिवाळ्या तर तुझ्या दिवाळी अंकातच गेल्या. आणि आता तू एक पातळसं पुस्तक पाठवतेस, आणि एका दुपारीत पोर तुझी होते. रात्रंदिवस मी खपायचं आणि उशाशी पुस्तक तुझं.

आणखी एक विचारायचं आहे. ‘मावशीच्या घरी’ असं तू का लिहिलंस? फुला मला मोठी माय म्हणते. जन्मात एकदाही मावशी म्हणाली नाही. मी तिची मावशी आहे, हे तू मला पुस्तक छापून कळवलंस का?

फुला बरी आहे. महिन्याच्या कार्डावर मी एवढंच लिहीत आले, आणि ते या वेळीही खरं आहे.

ताई


आर्वी
१० ऑक्टोबर १९७८

चि. कोकिळा,

तुझं उत्तर पोचलं. ‘मुंगीला मावशीचं घर जगात सगळ्यांत चांगलं वाटतं, म्हणून तसं लिहिलं, ताई.’ वा. लहानपणापासून तू अशीच. सेलूला असताना दोघींनी मिळून लोणच्याची बरणी फोडली, तर बाबांपुढे तू असं काही बोललीस की ते हसत सुटले. मग हसून झाल्यावर त्यांनी माझा कान धरला, कारण मी मोठी.

सध्या इथे घरोघर भुलाबाई बसली आहे. काल शेजारच्या धुरपताबाईकडे पोरी जमल्या होत्या. टिपऱ्या घेऊन दोन-तीन जुनी गाणी म्हटली न म्हटली, तोच तिच्या धाकटीने ‘मुंगीने जुंपली बंडी’ सुरू केलं आणि झालं, सगळ्या गळा काढून तेच. भुलाबाई वर्षाची माहेरी आलेली, तिच्यापुढे मुंगी! मी खिरापतीला गुळपापडी केली होती. डबा हलवला की पोरींना आवाजावरून ओळखू येते, म्हणून वड्या मुद्दाम केळीच्या पानात गुंडाळून भरल्या होत्या. इतका खटाटोप केला, आणि मी डबा वाजवत बसले तर एकीने कान दिला नाही. शेवटी झाकण काढून वाटून टाकली.

वर धुरपताबाई मला सगळ्यांदेखत म्हणते, “तुमची बहीण लई मोठी झाली वो बाई. तुमाले नाई येत काई असं लिवता?”

मी म्हटलं, “मले पोरगी वाढवता येते.”

तिने टिपऱ्या गोळा करायला घेतल्या. पण घरी येऊन मी अंगणातल्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. फुलाच्या बालवाडीतल्या बाईंना माझं नाव अजून माहीत नाही. त्या मला ‘कोकिळाबाईंच्या बहीण’ म्हणतात.

तू विचारलंस, पुस्तक अजून धड आहे का. दोन प्रतींचे तुकडे झाले, एक धुरपताबाईच्या घरी गेली ती परत यायची नाही, एक मी ट्रंकेत ठेवली आहे. पाचवी मी धान्याच्या कोठीवर ठेवून दिली. पुरे झालं, म्हटलं, चार दिवस पोरीला दुसरं काही ऐकू दे. फुला रडली नाही. कोठीकडे एकदा बघितलं, मांडी घातली, आणि सगळं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. मधे पान उलटल्याचा आवाजही तोंडाने काढत होती. पुस्तक कोठीवर ठेवता येतं गं. गाणं कुठे नेऊन ठेवू?

मलाही गोष्टी येतात. आजीच्या येतात, माझ्या मनच्या येतात. फुला त्या आवडीने ऐकते. पण दुसऱ्यांदा सुरू केली की म्हणते, ही माहीत आहे, दुसरी सांग. तुझी मुंगी तिला शेंडीपासून पायापर्यंत माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच रोज हवी आहे. हे कसं काय ते मी रोज भाकरी थापताना विचार करते आणि माझी भाकरी करपते.

आता तुझा जीव जळावा म्हणून एक सांगते. फुला जेवायला किती छळते याची तुला कल्पना नाही. एकेका घासामागे मला अंगणभर फिरावं लागायचं. हल्ली मी तुझी मुंगी म्हणत तिला भरवते, आणि ताट लख्ख होतं. पण तुझं पुस्तक वाचून नाही. माझी एक रीत आहे. ती मी तुला सांगणार नाही, तू कितीही गोड लिही. शब्द तुझे असतील, घास माझा आहे.

आणि आमच्या घरात ‘मावशीच्या घरी’ असं कोणी म्हणत नाही. आम्ही ‘मोठ्या मायच्या घरी’ म्हणतो. चाल अडखळते. अडखळू दे.

फुला बरी आहे.

ताई


आर्वी
२१ जानेवारी १९७९

कोकिळा,

तुझं पत्र ह्यांनी वाचलं, मग मी वाचलं, मग ह्यांनी घडी करून देव्हाऱ्यात ठेवलं. तिथे काय ते पावन होणार आहे?

तुला दोन खोल्या मिळाल्या, चांगलं झालं. शाळा घराजवळ आहे, तेही चांगलं. जूनमध्ये फुलाला न्यायला येतेस. तारीखसुद्धा कळवशील. एखाद्याकडे ठेवायला दिलेली पेटी न्यायला यावं तसं तू लिहिलं आहेस, ‘ताई, तुझे उपकार मी कधी विसरणार नाही’ वगैरे शेवटी जोडून.

शाळेत तिचं नाव पल्लवी घातलंस. का गं? पंचफुला म्हणजे आपल्या आईचं नाव. तूच ठेवलंस. बारशाला मी म्हटलं होतं की जुनं वाटतं, तेव्हा तू माझ्याशी भांडलीस. आता पुण्याच्या पोरी हसतील म्हणून आईचं नाव बदललंस का? आईने तुझं नाव मात्र बरोबर ठेवलं होतं. कोकिळा झाडावर बसून गाते, सगळा गाव मान वर करून ऐकतो, आणि पिल्लं कावळिणीच्या घरट्यात वाढतात. कावळिणीचं गाणं कोण ऐकतो?

हे लिहिलं ते खोडणार नाही. ह्यांनी खोडायला सांगितलं आहे.

ह्यांचं तुला ठाऊकच आहे, बोलतात कमी. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, “लेकरू तिचं हाये, आनंदा. आपण सांभाळलं. आता देणं भाग हाये.”

मी म्हटलं, “तुमाले सोपं हाये. तुमी दिवसभर डेपोत राह्यता.”

त्यावर ते उठून आंचवायला गेले आणि बाहेरच उभे राहिले. त्यांनाही सोपं नाही, ते मला नंतर कळलं. पण तेव्हा मला कोणाचंही दुःख माझ्याएवढं असू नये असं वाटत होतं.

तू सगळ्या महाराष्ट्राच्या पोरांची झालीस ना? तुझ्या पत्रात आहे, कुठून कुठून पोरांची पत्रं येतात, तिसरी आवृत्ती निघाली. एवढी पोरं तुझी असताना माझं हे एक तुला कशाला हवं? ती सगळी तुझी आणि ही एक माझी, अशी वाटणी मला चालेल.

येऊ नकोस. आलीस तर काय होईल ते मला सांगता येत नाही.

ताई


आर्वी
३ जून १९७९

कोकिळा,

तुम्ही पोचला असाल. पुलगावपर्यंत हे तुमच्यासोबत आले होते, ते तिथून परत आले आणि न जेवता झोपले. घर असं आहे की भांडं ठेवलं तरी मोठा आवाज होतो.

तू होतीस त्या चार दिवसांबद्दल मी तोंडावर काही बोलले नाही, म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी अंगणात पोरं जमली. धुरपताबाईची, मोहल्ल्यातली, पार बाजारापलीकडची. तू पायरीवर बसून म्हणायला लागलीस आणि सगळी पोरं तुझ्याबरोबर. छान म्हणतेस तू. हातवारे करतेस, आवाज लहान-मोठा करतेस, रेडिओवर म्हणतात तसं एकही अक्षर न गाळता. मी दारात उभी होते. माझ्या मनात आलं की ही अशी म्हणणारी आई असताना फुला माझ्याकडे कशाला बघेल. तेवढ्यात ‘मुंगी म्हणाली’ आलं आणि सगळी पोरं ‘मावशीच्या घरी’ म्हणाली. फुला एकटी त्यांच्यावर ओरडून ‘मोठ्या मायच्या घरी’ म्हणाली. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. मी पदर तोंडाला लावून आत गेले. तुला वाटलं असेल मला रडू आलं. मी हसत होते.

दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, आज मी भरवते. मी ताट वाढून दिलं आणि आत गेले, पण कान बाहेर. तू पूर्ण गाणं म्हटलंस, फार सुंदर म्हटलंस. फुलाने तोंड मिटून घेतलं आणि मान फिरवली.

“असं नाई,” ती म्हणाली. “मोठी माय म्हणते तसं म्हण.”

तू पुन्हा म्हटलंस, हळू. मग मोठ्याने. मग ‘मोठ्या मायच्या’ असंही घालून पाहिलंस. ती म्हणत राहिली, असं नाई, असं नाई. तिला तरी काय सांगता येणार, पाच वर्षांचं पोर. तू ताट घेऊन माझ्याकडे आलीस. तुझे डोळे भरले होते. स्वतःच्या गाण्याला कोणी असं नाई म्हणण्याची तुला सवय राहिली नव्हती.

मला बरं वाटलं, कोकिळा. लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटलं. मी फुलाला उचलून चुलीपाशी नेलं, दार लोटून घेतलं आणि भरवलं. नंतरचे दोन दिवसही दार लोटूनच. तू बाहेर उभी राहून ऐकत होतीस, तुझी सावली मला दाराखालून दिसत होती. म्हणून मी गाणं अगदी तिच्या कानाशी म्हणत होते.

निघायच्या आदल्या दुपारी तू माझ्यापाशी येऊन बसलीस. चार दिवस तुझं ते ‘असू दे गं ताई, बघू या गं ताई’ ऐकून माझे कान किटले होते. पण त्या वेळी तू एकदम आपल्या बोलीत बोललीस.

“ताई, तू कशी म्हणतं वं तिच्यासंगं? मले सांग ना.”

ओठावर आलं होतं. देवाशपथ सांगते, आलं होतं. पण सांगितलं तर माझ्याकडे काय उरतं? मी म्हटलं, “तूच लिवलं ना? मंग तुले यायले पाह्यजे.”

तू उठून बॅग भरायला गेलीस.

फुला बैलबंडीत बसताना रडली नाही. मला म्हणाली, तू मागून ये. मी हो म्हटलं.

आता ती तुझ्याजवळ आहे. तू जिंकलीस. भरव.

ताई


आर्वी
१२ जुलै १९७९

कोकिळा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. जेवत नाही, वाळली आहे, शाळेत डबा तसाच परत आणते, हे सगळं वाचलं. डॉक्टर म्हणतात नव्या जागेमुळे, तर त्यांचं ऐक. रीत काय ते तू पुन्हा विचारलं आहेस.

सांगत नाही. तिला इथे पाठवून दे, मी भरवते.

ताई


आर्वी
९ सप्टेंबर १९७९

चि. कोकिळा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. हे डेपोत होते. मी एकटीनेच वाचलं.

तू लिहितेस की गणपतीत मुलांचा कार्यक्रम होता, मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. तू ‘मुंगी’ सुरू केलीस आणि सगळ्या मंडपाने एका आवाजात तुझ्यामागे म्हटली. फुला पहिल्या रांगेत बसली होती. पुढचं तुझ्याच शब्दांत: ‘ती एक शब्दही बोलली नाही, ताई. पण दर दोन ओळींनी माझ्याकडे बघून तोंड उघडायची आणि तशीच थांबायची. एवढं कौतुक मी तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं, आज ही माझी झाली. घरी आल्यावर मात्र तिने ताट सारलं आणि झोपून गेली. तिचे हात इतके बारीक झालेत की बांगड्या कोपरापर्यंत जातात.’

मी आधी हसले. एकटीच, मोठ्याने. मग हे आल्यावर त्यांना वाचून दाखवायला घेतलं, आणि तोंड उघडायची तिथपर्यंत आले तर मला पुढे वाचता येईना.

अगं वेडे, ते कौतुक नव्हतं. ती घासाची वाट बघत होती.

एवढ्या गर्दीत, एवढ्या आवाजात, पोर तुझ्यापुढे तोंड उघडून बसली, आणि तू म्हणत गेलीस. तुझी चूक नाही. तुला माहीतच नाही. मी माहीत होऊ दिलं नाही. मला वाटत होतं की ती उपाशी राहिली की तू थकशील आणि माझ्याकडे परत आणशील. दोन महिने मी पोस्टमनची वाट पाहिली ती त्याचसाठी. तिच्या हातांचं मी मनात येऊ दिलं नाही.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “काऊन बसून राह्यली? लिही. लेकरू उपाशी हाये.”

म्हणून लिहिते. नीट वाच.

तू ओळ पुरी म्हणतेस. पुस्तकात पुरी आहे, रेडिओवर पुरी म्हणतात, मंडपातही पुरीच म्हटली. मी पुरी म्हणत नाही. जोडीतल्या दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द मी तिच्यासाठी ठेवते. ‘म्हणाली, बाई, काय ही’, इथे थांबायचं. घास बोटांत तयार हवा, पण तोंडापाशी न्यायचा नाही, ताटावरच धरायचा. तिच्याकडे बघायचं, जणू तुला पुढचं आठवत नाही. तिला तो शब्द येत असतो, आणि येत असलेला शब्द तिला आत दाबून ठेवता येत नाही. ‘थंडी’ म्हणायला तोंड उघडतं, ‘थं’ बाहेर आला की घास आत. बाकीची थंडी भातातून येते. ती हसते, तू हसू नकोस, लगेच पुढची जोडी धर, नाहीतर ठसका लागतो.

थांबायला तुला जड जाईल. तू लिहिणारी, तुला शब्द पुरा करायची सवय. मला यमकातलं काही कळत नाही. मला एवढंच दिसलं की पुढचा शब्द कोणता येणार ते पोरीला आधीच कळतं, आणि कळलं की तो तिला स्वतः म्हणायचा असतो. तेवढ्यासाठी ती तेच गाणं रोज मागते. तू तोही म्हणून टाकलास, तर तिच्यासाठी उरलं काय? इथेसुद्धा दहादा असं नाई म्हणाली ती याचमुळे. तू तिच्या ताटातलं खात होतीस, आणि तुला वाटत होतं तू वाढते आहेस.

‘मातीचा’ म्हणून थांबशील तेव्हा घास लहान घे. तिथे ती घाई करते. ‘मुंगी म्हणाली’नंतर ‘मावशीच्या’ म्हण. ती भांडेल, ‘मोठ्या मायच्या’ म्हणेल, दोन-चार दिवस म्हणू दे. पण तू मावशीच म्हणत राहा. गाण्यात तेच बसतं, आणि खरंही तेच आहे. हे लिहायला मला वेळ लागला, पण लिहिलं.

शेवटच्या ‘झाला’ला घास द्यायचा नाही. रिकामा हात वर करायचा आणि तिला ओरडू द्यायचं. घरमालकीण खालून रागावली तर रागावू दे. ओरडली की ती सगळ्या खरकट्यासकट तुझ्या गळ्यात पडेल. तेव्हा लुगडं सांभाळत बसू नकोस.

पहिल्या दिवशी कदाचित विश्वास ठेवणार नाही. तू थांबशील आणि तीही थांबेल. तरी पुढे म्हणू नकोस. कितीही वाट बघावी लागली तरी तो शब्द तू म्हणायचा नाहीस.

आता मी काय करावं ते मला माहीत नाही. उद्या-परवा ती तुझ्या हातून जेवेल. मला ते दिसतं आहे आणि माझ्या पोटात आग पडली आहे. तुझ्याजवळ गाणं होतं, पोर होती, आता घासही तुझ्याकडे गेला. जेवली की एका ओळीचं कार्ड टाक. जेवली एवढंच लिही, किती हसली ते लिहू नकोस, ते मला सध्या सोसायचं नाही.

आणि शेवटचं. ‘झाला’ म्हणून झाल्यावर ती तुझ्याकडे बघत थांबेल. तू घाबरशील, आणखी काय राहिलं म्हणून. तुझं गाणं तिथे संपतं, आमचं संपत नाही. एवढा हत्ती झाला, तो मुंगीच्या बंडीत बसून परत कसा गेला, याच्या दोन ओळी मी जुळवल्या आहेत. हो, मी. यमक बरोबर बसलं आहे, ह्यांनाही विचारलं. धुरपताबाईला सांगितलं नाही, बाहेर कोणालाच नाही, त्या फक्त फुला आणि मी म्हणतो. त्या मी तुला लिहून पाठवणार नाही. तू छापशील.

तिने विचारलं तर सांग, त्या ओळी आर्वीला आहेत, दिवाळीत जाऊ.

ताई